सोफेवालीने मुलगी शाळेतून काढली

माझ्या सुनेला सगळी गल्ली सोफेवाली म्हणून ओळखते. तिचं खरं नाव शेजारच्या शिंपीणकाकूंनाही आठवून सांगावं लागेल. घराच्या खालच्या खोलीत तिचं दुकान आहे. आत शिरलं की पाय वर करून उताणे पडलेले सोफे दिसतात, दवाखान्यात तपासायला निजवल्यासारखे. कुणाच्या पोटातून काथ्या बाहेर आलेला, कुणाच्या स्प्रिंगा. मधोमध ती गुडघ्यांवर बसलेली, आणि तोंडात चिमूटभर बारीक खिळे.

हे खिळ्यांचं नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. या कामात एका हाताने कापड ताणून धरायचं असतं आणि दुसऱ्या हातात हातोडी असते. मग खिळे कोण देणार? म्हणून ते तोंडात ठेवायचे. जिभेने एकेक खिळा फिरवून ओठांवर आणायचा, चुंबकाची हातोडी ओठांना लावायची, खिळा चिकटला की कापडावर ठोकायचा. तिच्या वडिलांनी तिला हे शिकवलं. तोंडात खिळे असताना बोलायचं नाही, हसायचं नाही आणि चिडायचं तर मुळीच नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी ती पाळते.

दिवसभर तोंड बंद म्हटल्यावर ती हुंकाराने बोलते. आखूड हूं म्हणजे हो. लांब हूं म्हणजे थांबा, विचार करतेय. नाकातून वर चढत जाणारं हूं म्हणजे तुम्हाला कोणी विचारलं. लग्न होऊन आली तेव्हा मला कळेना, ही मुकी आहे की गर्विष्ठ. पुढे पुढे मीच स्वयंपाकघरातून हुंकारायला लागले. गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" ती हातोडी स्वतःकडे वळवायची. "तसं नाही हो, सोफा करणारे?" पुन्हा हातोडी स्वतःकडे. तिसऱ्यांदा विचारलं की हातोडी गिऱ्हाइकाकडे वळायची.

अशा घरात माझी नात वाढली. चालायला लागली तीच गोल गोल, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. फोमच्या तुकड्यांत लोळत ती मोठी झाली आणि आईची भाषाही तिने उचलली. खेळताना तिच्या तोंडाला खळ नसतो. पण डोकं चालवायचं काम आलं की ओठ घट्ट मिटणार, नजर कुठेतरी वर लागणार आणि लांब हूं सुरू होणार. तिच्या लेखी जगाची रीतच ती. गंमत तोंडाने सांगायची, महत्त्वाचं असेल तर आधी नाकाने.

शाळेत ही रीत कुणाला ठाऊक? बाई विचारायच्या, "सात आणि पाच किती?" भिंगरी हूं करून वर बघायची. बाई म्हणायच्या, "वर काय लिहिलंय?" वर्ग हसायचा, तोवर दुसऱ्या कुणीतरी बारा म्हटलेलं असायचं. हिचं बारा पोटातच राहायचं. पुढे पुढे बाई तिच्यापाशी थांबेनाशा झाल्या. मुली तिला मोटार म्हणायला लागल्या, ती मोटारीसारखी घुमते म्हणून. मग मुख्याध्यापिकाबाईंनी, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, निरोप धाडला की आईला भेटायला बोलावलंय.

सुनेला एकटीला पाठवणं म्हणजे काडी आणि रॉकेल एकत्र पाठवणं, म्हणून मीही गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा होता, पण त्याचा वारा त्यांच्यापुरताच. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीची समज कमी आहे. अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे. तिथेच राहायची सोय आहे. रविवारी घरी आणता येईल."

"तिला समजतं," सून म्हणाली.

"मग उत्तर का देत नाही?"

"देते. तुम्ही थांबत नाही."

वर्गाच्या बाई बाजूलाच उभ्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, साठ मुलं आहेत माझ्या वर्गात. एकेकीपाशी मी वाट बघत बसू का?"

"नका बसू," सून म्हणाली. "मी बसते."

आणि वर्गात जाऊन तिने भिंगरीचं दप्तर उचललं, भिंगरीला उचललं, आणि चालू पडली. मी मागून धापा टाकत, मोठ्या बाईंना उगाच "येते हं" म्हणत.

त्या दिवशी घरात जे भांडण झालं त्याने शिंपीणकाकूंचं शिलाई मशीन बंद पडलं. ऐकू येईना म्हणून त्यांनीच थांबवलं असणार.

मी म्हटलं, "अगं, मी दुसरीत असताना मला शाळेतून काढलं. धाकट्या भावाला सांभाळायला. खिडकीतून शाळेत जाणाऱ्या मुली बघून मी रडायचे. आणि तू चालतीबोलती मुलगी उचलून घरी आणतेस?"

"आई, तुम्हाला काढलं ते शिकू नये म्हणून. मी काढलं ते शिकावी म्हणून. दोन्ही एकच कसं?"

"आणि शिकवणार कोण?"

"मी. दहावी झालेय."

"काठावर."

"काठावर का होईना, पडले आतल्या बाजूला."

माझा मुलगा सोफे पोचवायचा टेम्पो चालवतो. असं काही झालं की त्याला टेम्पोची चाकं बघायची आठवण होते. तो दारापर्यंत पोचला होता. बायको म्हणाली, "चाकं चारच आहेत, पळून नाही जात. बोला काय ते."

तो बिचारा म्हणाला, "तिला लांब ठेवायचं नाही, एवढं मला कळतं. बाकी तुम्ही दोघी ठरवा." एवढं मोठं भाषण त्याने लग्नातही केलं नव्हतं.

घरी शिकवायची सोय नियमात होती, हे सुनेने कचेरीत चार खेपा घालून शोधून काढलं. पण अट होती. काही महिन्यांनी शिक्षण खात्यातलं माणूस घरी येऊन मुलीला तपासणार. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर ती लांबची शाळा आणि रविवारची भेट.

मग सकाळी दुकानात शाळा भरू लागली. काळं रेक्झीन फळीवर ताणून मारलं, तो फळा. सोफ्याची पाठ, तो बाक. सुनेने स्वतःला एकच नियम घातला, शिकवताना तोंडात खिळे नाहीत. तो तिला इतका जड गेला की पहिले काही दिवस नुसते ओठ चावून लाल झाले. ती प्रश्न विचारायची आणि गादीला बटणं ओवत बसायची. भिंगरीचं हूं चालू. बटण एक, बटण दोन. मला राहवायचं नाही. मी दारातून पुटपुटायचे, "अगं, वीस, वीस!" सून न वळता म्हणायची, "आई, तुमचं नाव या वर्गात नाही."

सगळं छान चाललं होतं असं नाही. भागाकारात आई आणि मुलगी दोघी अडकायच्या आणि एकमेकींवर फुगायच्या. एक शब्द चुकीचा शिकवलेला दोन आठवड्यांनी कळला. पण भिंगरी वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्याने. दुपारी मला गोष्टी वाचून दाखवायची आणि मी डुलकी घेतली तर ओरडायची.

गल्लीत बोलणं झालंच. शिंपीणकाकू म्हणाल्या, "पोरीला आत्तापासून हातोडी देणार वाटतं." सुनेच्या तोंडात खिळे होते, म्हणून नाकातून वर चढणारं हूं मिळालं. काकूंना अर्थ कळला नाही, सूर बरोबर कळला. पण उशा शिवून घ्यायच्या निमित्ताने दोघीतिघी येऊन हळूच विचारूनही गेल्या. एकीच्या मुलाला वर्गात रोज मारायचे. एकीची मुलगी शाळेचं नाव काढलं की ओकायची. सून त्यांना म्हणाली, "काढा असं मी सांगणार नाही. तुमचं पोर तुम्ही ओळखता. माझं शाळेशी वैर नाही, तिथल्या घाईशी आहे."

आणि एका दुपारी खात्यातल्या मॅडम आल्या. हातात पिशवी, पायांवर धूळ, चेहऱ्यावर उन्हाचा त्रास. मी खुर्ची पुढे केली, तिला बूड नव्हतं. दुसरी दिली.

आता सून घाबरत नाही असं लोक म्हणतात. घाबरते. फक्त घाबरली की तिचा हात आपोआप खिळ्यांच्या डबीत जातो. मॅडम पाणी प्यायल्या, पेन काढलं आणि म्हणाल्या, "हं, सांगा. मुलीला शाळेतून का काढलंत?"

सून म्हणाली, "हूं."

मॅडमनी मान वर केली. "म्हणजे?"

"हूं," लांब.

मॅडम भिंगरीकडे वळल्या. "बाळ, तू सांग. घरी काय शिकतेस?"

प्रश्न महत्त्वाचा होता. भिंगरीने ओठ मिटले, वर बघितलं आणि तिचंही हूं सुरू झालं. मॅडम एकदा आईकडे बघतात, एकदा मुलीकडे. पेन कागदाला टेकलं.

"अहो मॅडम," मी ओरडले, "तिच्या तोंडात खिळे आहेत!"

मॅडम ताडकन उठल्या. "कुणाच्या? मुलीच्या?"

"तिच्या नाही, आईच्या! मुलगी विचार करतेय!"

सुनेने तळहात पुढे धरला आणि एकेक खिळा बाहेर काढला. मॅडम बघतच राहिल्या. सगळे काढून झाल्यावर सून म्हणाली, "सवय आहे. आता विचारा. पण एक सांगते, तिला विचारलंत की थांबायचं. शाळेतून काढलं ते याचसाठी."

मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढून भिंगरीपुढे धरलं. वाच म्हणाल्या. भिंगरी पानाकडे बघत राहिली. बाहेर एक टेम्पो गेला, एक सायकल गेली. माझ्या जिभेवर पहिला शब्द आला होता, मला मेलीला तेवढा लांबूनही वाचता येत होता. सुनेने माझ्याकडे डोळे वटारले. मी जीभ चावली.

"येत नाही का तिला?" मॅडम म्हणाल्या.

"थांबा."

"अहो, मला अजून चार घरं करायची आहेत."

"मग चार घरं आधी करून या," सून म्हणाली. "ती इथेच आहे."

अधिकारी माणसाशी असं कुणी बोलतं? मला वाटलं, झालं, गेली पोर. मॅडमचा चेहरा लाल झाला. पण त्या उठल्या नाहीत. पेनाचं टोपण लावून हाताची घडी घालून बसल्या. त्या वाट बघत होत्या की रागावून बसल्या होत्या, मला आजही सांगता यायचं नाही. भिंगरीने पानभर डोळे फिरवून घेतले आणि मग खणखणीत आवाजात पान वाचलं. एका शब्दाला अडली, मागे गेली, पुन्हा वाचला. बेरजा आल्या, वजाबाक्या आल्या. भागाकार चुकला. दुसराही चुकला.

"भागाकार कच्चा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आहे. माझाही आहे. दोघी शिकतोय."

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "मुलीत काही कमी नाही. त्या लांबच्या शाळेचा प्रश्नच येत नाही." मी देवाचं नाव घेणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "म्हणजे ती साध्या शाळेत बसू शकते. सोमवारपासून परत पाठवा. मोठ्या बाईंशी मी बोलते."

मी म्हटलं, वा! सून म्हणाली, "नाही."

"अहो, ते तिला घ्यायला तयार होतील."

"वर्गात मुलं साठच आहेत ना अजून? तिला येत नव्हतं तेव्हा लांब पाठवत होते. आता येतं तर परत मागताय. तिला यायला लागलं ते कुठे?"

"मग तुम्ही नकार दिला असं मला लिहावं लागेल. आणि मी दर वर्षी येणार."

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. आणि या. पुढच्या वेळी बूड असलेली खुर्ची देईन."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी पिशवीत वाकून लपवलं. जाताना भिंगरीला विचारलं, "तुला काय वाटतं बाळ? शाळेत जायचंय?"

या वेळी आम्ही सगळेच थांबलो, मॅडमसुद्धा. पोर वर बघत राहिली आणि मग म्हणाली, "मधल्या सुट्टीला जाईन."

सुनेचा चेहरा पडला. तिने सगळं शिकवलं होतं, पण खेळायला मुली कुठून आणणार? त्या दिवशी तिने हातोडी धरली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळी भिंगरीचा हात धरला आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

पहारेकरी म्हणाला, "नाव कमी झालंय हिचं. आत नाही सोडता येणार."

"शिकायला नाही सोडत आहे. खेळायला सोडतेय."

"तसा नियम नाही, ताई."

"मग आम्ही इथे बसतो. इथे बसायचा नियम आहे?"

बसली फुटपाथवर. आतून वर्गातल्या दोघी धावत आल्या. "ए मोटार! कुठे होतीस?" गजांमधून हात बाहेर आले, भिंगरीचे हात आत गेले आणि टाळ्यांचा खेळ सुरू झाला. हात गजांवर आपटत होते, पोरी किंचाळत होत्या. घंटा झाली तरी कुणी हलेना.

तेव्हापासून त्या दोघी मायलेकी रोज जातात. मीही जाते, घरून स्टूल घेऊन, कारण माझे गुडघे फुटपाथवर बसायच्या लायकीचे राहिले नाहीत. आता आतून सातआठ जणी येतात. परवा मोठ्या बाई स्वतः फाटकाशी आल्या. कमरेवर हात, कपाळावर आठ्या.

"हे काय रोज चालणार आहे का?"

"रोज," सून म्हणाली.

"किती दिवस?"

"तुम्ही फाटक उघडेपर्यंत."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. वयाने मोठी म्हणून मी तरी काही समजुतीचं बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी स्टूल थोडं पुढे ओढलं आणि नीट बसले.