हुबेहूब कुंभार

हैदराबादला कलेचं शिक्षण घेऊन मी गावी परतलो, तेव्हा समाजाला जागं करण्याचं काम आपल्याच शिरावर आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. समाज बिचारा पहाटे चारलाच उठून शेतात जायचा. मी आठला उठायचो.

कॉलेजात दोन गोष्टी मनावर ठसल्या होत्या. कलावंतानं जुलमाविरुद्ध उभं राहावं, आणि चित्र खऱ्या माणसावरून काढावं. जुलूम शोधायला लांब जावं लागलं नाही. निजामाचा अमीन, म्हणजे पोलिसांचा साहेब, दौऱ्यावर आला की आमच्या कुंभारानं त्याच्या तळावर फुकट माठ द्यायचे आणि वर पाणीही भरायचं, अशी वेठ होती. मी चावडीच्या भिंतीवर कोळशानं चित्र काढलं: कुंभार अमिनाच्या बुटांपुढे माठ आपटतोय. खऱ्या कुंभारानं जन्मात कधी अमिनापुढे मान वर केली नव्हती. पण त्याचा चेहरा फार रेखीव होता. त्याला विचारावं, हे मला सुचलंही नाही.

चित्र हुबेहूब उतरलं. इतकं, की अमिनानं आल्या आल्या कुंभाराला ओळखलं आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मटके फोडने का शौक है? चल, अपने फोड!"

सोनपेठच्या बाजारासाठी भाजून ठेवलेले माठ अंगणात मांडलेले होते. ते त्याला स्वतःच्या हातानं एकेक करून फोडायला लावले. मी समोरच्या माडीवरून बघत होतो. 'चित्र माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. गावात कुणीही माझं नाव सांगितलं नाही, कुंभारानंही नाही. मी मात्र त्याच दुपारी वालूरला मामाकडे पळालो. कलावंतानं आपल्या कृतीपासून अलिप्त राहावं, असंही कॉलेजात शिकवल्याचं मला वाटेत आठवलं.

चार दिवसांनी आलो, तर कुंभार पुन्हा माती तुडवायला लागला होता. मला लाज वाटत होती. "माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याचे पाय थांबले नाहीत. "चित्र लय नामी होतं, दादा," तो म्हणाला. "पण तुमच्या कालिजात आरसा न्हवता का?"

होता. होस्टेलात चांगला पुरुषभर उंचीचा होता. चार वर्षं मी त्यात बघून भांग पाडला होता.