आत्यानं आज केस मोकळे सोडले

मंडळी, आज सकाळी मी आत्याचे केस धुतले. तिचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ती देवगाव रंगारीहून आमच्याकडं संभाजीनगरला आलीय. तिचे केस माझ्यासारखेच, दाट कुरळे.

धुताना लहानपण आठवलं. दुष्काळ होता. आमच्या नव्या कॉलनीत घरं वाढत होती, पण टँकर आठवड्यातून एकदाच यायचा आणि माझ्या केसांना बादलीभर पाणी लागायचं. एकदा आईनं वैतागून कात्रीच काढली. मी रडायला लागले.

तेव्हा आत्या आमच्याकडं राहायला होती. ती म्हणाली, "वहिनी, कापू नका. मी धुते दोन तांब्यांत."

आणि धुतले की! मग ओल्या केसांना खोबरेल चोळून, कंगवा न लावता, बोटांनी एकेक गुंता सोडवला.

आज मीही तसंच केलं. केस वाळल्यावर आत्या म्हणाली, "आता घट्ट अंबाडा घाल."

"राहू दे ना मोकळे."

"नाय गं. शाळेत मला झिपरी म्हणायचे. तेव्हापासून कधीच सोडले नाय."

माझे केस वाचवणारी आत्या स्वतःचे आयुष्यभर लपवत होती!

मी तिच्यापुढं आरसा धरला. तिनं बराच वेळ पाहिलं. "लई वाईट नाय दिसत," म्हणाली, आणि तशीच खाली भाजीवालीकडं गेली.

लहानपणी तुमच्या केसांना कुणी जीव लावला? त्यांचे केसही सुंदर आहेत, हे त्यांना कधी सांगितलंत का?