अडकवून दाखवा

शहापूरच्या एका दवाखान्यात मी आठवड्यातून एकदा समुपदेशनाला बसते. तिथे मुरबाडकडची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. हळदीच्या जेवणात सुनेच्या शेजारी बसलेल्या चुलत सासऱ्यांच्या घशात घास अडकला आणि ते पंगतीतच गेले. तेव्हापासून सून नुसत्या पेजेवर होती. डॉक्टरांनी घसा तपासला, दोष काही नव्हता. पण तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

समजावून झालं, धीर देऊन झाला. उरला एक उलटा उपाय: ज्याची भीती, तेच मुद्दाम करायला सांगायचं. हट्टी माणूस "नाही करत, जा!" म्हणतो आणि तिथेच सुटतो. पण आज्ञाधारक माणूस सांगितलेलं खरंच करून बसला तर?

"सून ऐकते का तुमचं?" मी सासूला विचारलं.

"जाम गुणाची हाय, ताई. सांगाल तसा करते. कधी उलट बोलली नाय."

मला नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. सून मात्र खाली बघत पदराचा दोरा तोडत होती, ओढून ओढून. तो राग होता की नुसती भीती, मला कळेना. शेजारच्या खोलीत डॉक्टर आहेत याची खात्री करून घेतली आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"हा घास घशात अडकवून दाखवा."

तिने लगेच त्यातला घास तोडून तोंडात घातला. चावता चावता थांबली, डोळे मोठे झाले. मानेची शीर ताठ झाली. सासू भिंतीला टेकली. मी डॉक्टरांना बोलवायला उठले. मीच हिला मारलं, एवढंच मनात येत होतं.

मग तिचा गळा हलला. घास खाली गेला.

"नाय अडकवायचा मला!" ती ओरडली. "तुमी कोण सांगणार?" आणि रडू लागली. रडता रडता उरलेला तुकडाही तिने खाल्ला.

आता ती भात खाते, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून. जाताना तिने मला विचारलं होतं, "ताई, खरंच अडकला असता तर?"

तो उपाय मी पुन्हा कुणावर केलेला नाही.