भाऊजींच्या कॅमेऱ्याची पाठ

सगळी इमारत त्याला खुडबुड्या म्हणायची, आणि ते त्याला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं लिफ्टच्या मशीनखोल्यांत वंगणाने हात काळे करून तो निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर जुने कॅमेरे, रेडिओ, टेपरेकॉर्डर मांडून बसला. बायको असती तर टेबलासकट त्याला जिन्यात काढलं असतं. ती गेल्यापासून विचारणारं कोणी नव्हतं. जेवण ओट्यापाशी उभ्याउभ्याच व्हायचं.

छंद म्हणे मन रमवायला करतात. ह्याचं मन रमायचं खरं. वर्षानुवर्षं अडकलेलं शटर एकदा खट्‌ करून उघडलं की स्वारी दिवसभर खूश. पण तिथवर पोचेपर्यंत नुसती किळस! कुणी भिंग थुंकी लावून सदऱ्याने पुसलेलं. कुणी तुटलेली कळ च्युइंगमने चिकटवलेली. रेडिओच्या पोटात झुरळांनी संसार थाटलेला. "शी! माणसं आहेत की कोण आहेत ही!" असं म्हणत तो चिमट्याने एकेक घाण उचलायचा आणि वापरणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

एका सकाळी मोठी बहीण आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाऊजींचा कॅमेरा. भाऊजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"चपलांच्या कपाटात सापडला रे," ताई म्हणाली. "बघ जरा, चालतोय का."

चपलांच्या कपाटात! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी माणूस लाखात एक, पण वस्तूंच्या बाबतीत पहिल्यापासून गबाळा. ताई चहा टाकायला आत गेली. भावाच्या घरीसुद्धा तिला स्वस्थ बसवत नसे. इकडे ह्याने कॅमेरा उजेडात धरला.

तळाच्या झाकणाखाली सेल फुटून हिरवट खपली धरलेली. भिंगाच्या आत बुरशीचं जाळं. किती फोटो काढले ते दाखवणाऱ्या काचेवर एवढा मळ की आकडा दिसेना. आणि पाठीच्या फटीत उजेड अडवायला लावलेला स्पंज वितळून त्याचा काळा चिकटा झालेला, तो थेट ह्याच्या बोटांना लागला.

"शी, शी, शी! चांगल्या यंत्राचा उकिरडा करून ठेवलाय," तो स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला. "काही लाजलज्जा होती की नाही ह्या माणसाला?"

आणि त्याच तिरीमिरीत त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली.

आत रीळ होती.

खिडकीतलं ऊन सरळ तिच्यावर पडलं. त्याने पाठ फटकन मिटली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाठ उघडण्याआधी रीळ गुंडाळायची कळ हलकेच फिरवून बघायची, ताण लागला तर आत रीळ आहे, उघडायचं नाही. नव्या छंदिष्टांना हे तो घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ताई चहा घेऊन आली. "आत रीळ असेल का रे?"

"आहे," तो म्हणाला आणि मिटलेली पाठ तळहाताने दाबून धरली.

"अगंबाई! आहे?" ताई खुर्चीवर बसलीच. "ऐक ना. ह्यांचा धड एक फोटो नाही माझ्याकडे. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात, मग ह्यांचा काढणार कोण? भिंतीवर लावलाय तो ओळखपत्रावरचा, चोरासारखा दिसतो त्यात माणूस. पण आजारी पडायच्या आधी मी हट्टाने कॅमेरा हिसकावला आणि एक काढला. गच्चीवर, हसताना. तो ह्यात शेवटचा असणार बघ."

शेवटचा. म्हणजे गुंडाळीत सगळ्यात वरचा. म्हणजे ऊन पहिलं त्याच्यावरच पडलेलं.

रीळ कृष्णधवल होती, घरी धुता येण्यासारखी. त्याने ती डबीत गुंडाळून घेतली, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून धुण्याच्या छोट्या टाकीत भरली आणि मोरीत रसायनं ओतत बसला. ताई बाहेर स्टुलावर बसून सारखी विचारत होती, "झालं का रे?"

पट्टी ओली असतानाच त्याने ती उजेडात धरली. सुरुवातीचे अकरा वाचले होते, कडेला जळके, पण वाचले होते. ताई कपडे वाळत घालताना, ताई मटार सोलताना, ताई कुणावर तरी डाफरताना. अकराच्या अकरा ताईच. त्यापुढे सगळी पट्टी काळीठिक्कर.

ताईने ते काळं टोक बोटांत धरून वरखाली पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग सुस्कारा सोडून म्हणाली, "जाऊ दे. ह्यांनी कुठे कधी वस्तू नीट ठेवली? चपलांत पडून पडून खराब झाली असेल. तू म्हणतोस ते खरंच आहे, गबाळाच माणूस होता."

गप्प बसला असता तर सुटला असता. ताईला आयुष्यात कळलं नसतं. पण मेलेल्या माणसावर आपलं शेण ढकलायचं? बुरशी परवडली, झुरळं परवडली. ही घाण त्याला सहन होईना.

"ताई, भाऊजींनी नाही," तो म्हणाला. "रीळ चांगली होती. तू चहा करत होतीस तेव्हा मी पाठ उघडली. त्यांना शिव्या घालता घालता उघडली."

ओली पट्टी ताईने तशीच त्याच्या हातात दिली. टेबलावरचा कॅमेरा उचलला, पदराने त्यावरचा चिकटा पुसायला लागली. तो पदरालाच लागला.

"ठेव इथे," तो घाईने म्हणाला. "मी नीट करून देतो. अगदी नव्यासारखा."

"नको," ताई म्हणाली, आणि कॅमेरा पिशवीत घातला. "तू हात लावू नकोस."