मुळाला हात न लावणारा

"मुळाला हात लावायचा न्हाय!" हे माझा जोडीदार इतक्या मोठ्यानं सांगायचा की रस्त्यावरून जाणारा थबकायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कोल्हापुरात एकाच टेबलावर बसून आम्ही दोघं गावोगावच्या दूध संस्थांसाठी परदेशातलं एक मोफत सॉफ्टवेअर मराठीत तयार करायचो. त्याची नवी आवृत्ती महिन्या-महिन्याला यायची.

मी आमचे बदल सरळ मूळ सोर्समध्ये, म्हणजे परदेशातून आलेल्या प्रोग्रॅमच्या ओळींमध्येच, मिसळायचो. सगळं एकाच गठ्ठ्यात, काम झटपट. तो मूळ सोर्स जसाच्या तसा ठेवायचा आणि प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या फाइलीत करायचा, वर कारण आणि स्वतःचं नाव लिहून. नवी आवृत्ती आली की आपल्या ओळी कुठल्या हे शोधण्यात माझे दोन दिवस जायचे. तो जुन्या मुळाच्या जागी नवं मूळ ठेवायचा, त्यावर आपल्या दुरुस्त्या पुन्हा चढवायचा आणि चहा सांगायचा. शेवटी मीही त्याचीच पद्धत धरली.

एकदा परदेशातल्या मूळ सॉफ्टवेअरवाल्यांनीच जोडाक्षरांची छपाई सुधारून पाठवली. हीच दुरुस्ती त्यानं आधी महिनाभर खपून केली होती, त्याची सगळ्यात अवघड.

"ऱ्हाऊ दे की," मी म्हटलं, "तुझं नाव हाय त्यावर."

"त्येंनी केलं की आता. मग माझी कशाला? दर म्हैन्याला चढवायचं एक वझं कमी!" म्हणत त्यानं ती फाइल पुसून टाकली. आणि त्या दिवशी चहाबरोबर भजीही सांगितली.