श्रावणाआधी कहाणी मागणारा प्रोफेसर

आमच्या शेजारच्या नॉर्वेवाल्या प्रोफेसराइतका शिकलेला आणि त्याच्याइतके बिनकामाचे प्रश्न विचारणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. इकडे अमेरिकेत, नोव्हाय गावी मुलाकडे राहायला आल्यापासून गोरी माणसं बरीच पाहिली. ती हात हलवतात, हवा छान आहे म्हणतात आणि गॅरेजचं दार लावून घेतात. हा हवेबद्दल कधी बोललाच नाही. मुलाने नवी गाडी आणली त्या दिवशी मी ड्राइव्हवेत तिच्या चाकांखाली लिंबं ठेवत होते, तर हा झुडपांतून वाट काढत, घरातल्या सपाता घालूनच आला आणि माझ्या सुनेला, अश्विनीला म्हणाला, "यांना सांगा, परत एकदा करा. जरा सावकाश." मला वाटलं, डाग पडतात म्हणून तक्रार करतोय. तर नाही. हातातलं रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्या तोंडापुढे धरून त्याने विचारलं, "मोटारी नव्हत्या तेव्हा या लिंबांचं काय करायचात?" म्हटलं, "लोणचं घालायचो." अश्विनी हसत सुटली. त्याने मात्र ते यंत्रात नीट भरून घेतलं आणि मग स्वतःची गंजकी गाडी आमच्या दारात आणून उभी केली. "हिलाही," म्हणाला. आमची आणखी लिंबं गेली.

अश्विनी मला 'आई' म्हणते, म्हणून तोही 'आई' म्हणायला लागला. पांढऱ्या दाढीचा, वयाने माझ्याहून मोठाच असेल असा माणूस कुंपणापलीकडून "आई!" अशी हाक मारतो, आणि आपण ओ देतो. मग मीही त्याला अरेतुरे करायला लागले. माझं मराठी आणि त्याचं इंग्रजी, मधे अश्विनी दोन्हीकडचं सांगायची. त्याचं काम काय, हे अश्विनीने मला पुष्कळदा समजावलं. "आई, ते फोकलोरचे प्रोफेसर होते. लोकांच्या जुन्या गोष्टी कलेक्ट करायचे. त्याचं अख्खं डिपार्टमेंट असतं." इकडे शेती करायला आलेल्या नॉर्वेच्या लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि गोठ्यात राहणाऱ्या बुटक्याच्या गोष्टी भरून आणायच्या. याचा त्याला पगार मिळायचा. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं शिक्षण कशाचं असतं ते मला माहीत नाही. पण ते हेच असेल असं वाटलं नव्हतं.

गोष्ट पुरी ऐकून घ्यायची सवय म्हणावी तर तीही नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी सांगायला घेतली, तर अर्ध्यावरच हा उठून उभा राहिला. त्यांच्याकडे म्हणे एक धिरडं तव्यावरून उडी मारतं आणि रस्त्याने गडगडत जातं, शेवटी डुक्कर त्याला खातं. मी म्हटलं, "आमची म्हातारी वाचते, तुमचं धिरडं खाल्लं जातं. सारखं काय आहे त्यात?" तो म्हणाला, "दोन्ही गडगडतात." आणि असा आनंदाने बघत राहिला, जणू त्याची हरवलेली बहीण सापडली. मी उठून कुकर लावला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी हा गॅरेजमध्ये वाडगाभर तांदळाची खीर ठेवायचा, वर लोण्याचा गोळा. घर राखणाऱ्या बुटक्यासाठी. ती रॅकून नावाचं इथलं चोरटं जनावर खातं, हे त्याला माहीत होतं. मी सरळ विचारलं, "तू मानतोस का त्याला?"

"छे."

"मग ठेवतोस कशाला?"

"लोणी कमी पडलं तर त्याला राग येतो."

आता अशा माणसाशी पुढे काय बोलायचं?

बर्फ वितळायला लागलं तेव्हा अश्विनी त्याच्यापुढे सहज बोलून गेली, की श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवतीची पूजा करतात, आणि सगळ्यांनी हातात तांदूळ धरायचे नि त्यांनी कहाणी सांगायची. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा दारात. "आई, कहाणी." म्हटलं, "श्रावणात ये." एरवी मी नाही म्हटलं की हा खूश व्हायचा, का नाही म्हणता ते खोदून विचारायचा. तसा खूश झालाही. मग अश्विनीने फोनमध्ये श्रावण कधी ते पाहून सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचं घर विकलं गेलं होतं. नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली होती, आणि गाडीवाचून इथे माणसाला साधं दूध आणता येत नाही. जूनमध्ये तो कायमचा नॉर्वेला, धाकट्या बहिणीकडे जाणार होता.

अश्विनी म्हणाली, "आई, सांगून टाका ना. इथे श्रावण कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"पण ते परत येणार नाहीयेत, आई. धिस इज हिज लास्ट चान्स."

रात्री जेवताना मुलगाही तेच म्हणाला. माझ्या आईने दुसऱ्या महिन्यात कहाणी कधी काढली नाही, मीही काढलेली नाही. यात भांडण्यासारखं काय होतं? पण दोघं माझ्याशी तुटक वागू लागली. शेवटी प्रोफेसरच आमच्या डेकवर येऊन अश्विनीला म्हणाला, "त्यांना आग्रह करू नका. आत्ता सांगितली तर मला चुकीची कहाणी मिळेल." शब्द तेच, सांगणारी तीच, मग ती चुकीची कशी होते? मला ते कळलं नाही. माझ्या घरची माणसं त्या बाजूला आणि हा परका माझ्या बाजूला, एवढं कळलं.

जूनमध्ये गेला. मी चिवडा दिला होता, तर त्यात बडीशेप घालायला कोणी शिकवलं हे टॅक्सीत बसेपर्यंत विचारत होता.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी मी पूजा मांडली. मुलगा ऑफिसात, नातवंडं कॅम्पला. अश्विनीने न सांगता फोन डब्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला. तिकडे दुपार उलटली होती. हा आंघोळ करून, दाढी विंचरून खुर्चीवर बसलेला, मुठीत तांदूळ. शेजारी बहीण, तिच्याही मुठीत तांदूळ. यंत्र चालू होतंच, ते कुठलं सुटतंय. अश्विनी इंग्रजीत सांगायला लागली तशी त्याने हात वर करून तिला थांबवलं. मी सगळी कहाणी मराठीत सांगितली, आणि शब्द कळत नसताना तो जागच्या जागी हं, हं म्हणत राहिला. श्रीमंत भावाने गरीब बहिणीला पानावरून उठवलं, तिथे माझा आवाज जरा चढला, तेव्हा त्याची बहीण त्याच्याकडे रोखून बघायला लागली.

कहाणी संपली. तो म्हणाला, "आई, तांदूळ कुठे ठेवू?"

"देवापुढे."

"इथे देव नाही."

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हटलं, "दाराबाहेर ठेव. पाखरं खातील."

त्याने फोन टेबलावर आडवा ठेवला असावा, कारण मला नुसतं लाकडी छत दिसायला लागलं. दार उघडल्याचा आवाज आला. बहीण त्याला काहीतरी सांगत होती, पायरी बघ असं असेल. मग दोघांचा आवाज लांब गेला. बराच वेळ कोणी आलं नाही.

"आई, कट करू का? माझी मीटिंग आहे."

म्हटलं, "तू जा. फोन राहू दे इथे."

ती गेली. मी त्या छताकडे बघत बसले.