मारणारीचं नाव

रोज सकाळी डबा घेऊन मरायला निघणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. हा तसा होता. दारात बायको विचारायची, "आज कसं?" आणि पायात चपला सरकवत तो सांगायचा, "जेवणाआधी जळून, जेवणानंतर बुडून."

"मग मफलर ने," बायको म्हणायची. "काल बुडून आलास तर रात्रभर खोकत होतास."

संगणकावरच्या युद्धाच्या खेळांना आवाज देणाऱ्या एका स्टुडिओत तो मरणाऱ्यांचा आवाज होता. खेळणारी पोरं बंदूक चालवतात, पडद्यावर कोणीतरी कोसळतं, आणि कोसळताना जे "आऽऽ" ऐकू येतं, ते याचं. भाल्याने मेलेला वेगळा ओरडतो, तोफेने मेलेला वेगळा, आणि गळा चिरलेला तर ओरडतच नाही, नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज काढतो. हे सगळे प्रकार त्याच्या घशात तयार असत. स्टुडिओत सगळे त्याला हुतात्मा म्हणत. पण इतक्या वर्षांत त्याच्या एकाही मढ्याला नाव मिळालं नव्हतं. पहिला सैनिक, दुसरा सैनिक, जखमी पहारेकरी, किंचाळणारा जमाव. "जमावसुद्धा मी एकटाच," असं तो पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे चहा लवकर संपवत.

त्याची एकच अडचण होती. अंगावर तडाखा बसल्याशिवाय त्याचा गळा उघडत नसे. नुसतं ओरड म्हटलं तर हरवलेल्या बकरीसारखा आवाज यायचा. म्हणून तडाखा द्यायला एक हक्काचं माणूस लागे, आणि ते होती त्याची सख्खी थोरली बहीण.

ताई त्याच स्टुडिओत मारामारीचे आवाज करायची. कोबीचा गड्डा पिळला की मान मोडते, ओलं फडकं फरशीवर आपटलं की रक्त सांडतं, कलिंगडात कोयता बसला की कवटी फुटते. संध्याकाळी दिवसभरात मोडलेल्या माना पिशवीत भरून ती भाजीला घरी न्यायची. भावाला बडवण्याचा तिचा अनुभव तर नोकरीपेक्षा जुना. लहानपणी ती त्याचा हात पाठीमागे पिरगाळून धरायची आणि म्हणायची, "म्हण, ताई, हरलो!" हा ताबडतोब म्हणायचा. कधीकधी तर तिने हात धरायच्या आधीच.

आता कामाची रीत अशी होती. हुतात्म्याच्या छातीपाठीला जुनी गादी दोरीने आवळायची. आवाजाच्या खोलीतला दिवा बंद करायचा, कारण त्याची गुणगुण माइकमध्ये शिरते. ताईने वाळू भरलेल्या कातडी सोट्याने हाणत सुटायचं. काचेपलीकडे साहेब कानाला यंत्र लावून बसणार, आणि आत एकही जादा शब्द बोलायचा नाही. मग मार थांबवायचा कधी? तर प्रसंगातला शेवटचा शब्द हुतात्म्याने उच्चारला की ताईचा हात खाली. ही खूण कधी चुकली नव्हती. याच्यावरच तर तो जिवंत होता.

मग तो नवा खेळ आला. दूरच्या ग्रहांवरचं युद्ध, आणि त्यातली एकेक नावं अशी की घेताना समोरच्याने छत्री उघडावी. ख्झार्म. ऱ्हूग्थ. थ्ख्लाव. प्रत्येक नावाचा उच्चार कंपनीकडून ध्वनिमुद्रित होऊन येई आणि साहेब तो सगळ्यांकडून घोकून घेत. कारण त्या जगाचा कायदाच तसा होता. लढाईत मरणाऱ्याने मारणाऱ्याचं नाव बिनचूक घेतलं, तर मारणाऱ्याला त्याचं प्रेत स्वतःच्या खांद्यावरून घरी पोचवावं लागे. नाव चुकलं, तर मुंडकं यानाच्या टोकाला आणि धड कुत्र्यांना. कुत्र्यांना सहा पाय होते, एवढाच काय तो दिलासा.

या खेळात हुतात्म्याला चक्क नावाची भूमिका मिळाली. म्हातारा सेनापती ऱ्होझूम. चार हातांची राणी त्याला शेवटी ठेचून मारते आणि तो तिचं नाव घेऊन प्राण सोडतो. घ्झूर्खा! बायकोने ही बातमी जिन्यात भेटेल त्याला सांगितली. हुतात्मा दाढी करताना घ्झूर्खा, जेवताना घ्झूर्खा.

"माझं नाव लग्नात घेतलंस तेव्हा एवढी तयारी केली नव्हतीस," बायको म्हणाली.

"तू कुठे ठेचून मारणार होतीस?"

"तेव्हा ठरलं नव्हतं."

सेनापतीच्या मरणाच्या दिवशी साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघा, उच्चार बदललाय. शेवटचा 'खा' बाहेर सोडायचा नाही. श्वास आत ओढत म्हणायचा. ऐका."

यंत्रातून आवाज आला. कुणीतरी दारात बोट चिमटल्यावर दम घेतो तसा.

"हे नाव आहे?"

"कंपनी म्हणते आहे. आजच पाठवायचंय. जमत नसेल तर तो बाकावर बसलाय, त्याला घेतो." बाकावर एक रुंद खांद्यांचा, खर्जातल्या आवाजाचा गृहस्थ बसला होता आणि आत्तापासूनच सेनापतीसारखा बघत होता.

"जमतं की!" हुतात्मा म्हणाला. "न जमायला काय झालं?"

ताई तेव्हा कलिंगडं आणायला गेली होती. ती आली तोवर साहेबांना वाटलं, भाऊ सांगेल. भावाला वाटलं, साहेबांनी सांगितलं असेल. गादी आवळली, दिवा गेला, काचेपलीकडून बोट वर झालं.

पहिला तडाखा पाठीत. सेनापती गरजला. दुसरा खांद्यावर, तिसरा बरगडीवर. काळोखात हुतात्म्याला राणी दिसू लागली. एका हाताने ती मान आवळते आहे, दुसऱ्याने खांदा उखडते आहे, उरलेले दोन मोकळेच आहेत. योग्य क्षणी त्याने नाव घेतलं. "घ्झूर्" म्हटलं आणि "खा" आत ओढला.

सोटा पुन्हा बसला.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताईला माहीतच नाही! ती जुन्या 'खा'ची वाट बघते आहे. तेवढ्यात गादीची दोरी सुटली, गादी घसरून कमरेशी आली, आणि पुढचा तडाखा थेट हाडावर बसला. आत काहीतरी कोबीसारखं मोडलं.

जुना 'खा' जिभेच्या टोकावर होता. नुसता श्वास सोडायचा अवकाश, की मार थांबणार. पण मग ध्वनिमुद्रण वाया, आणि बाकावरचा गृहस्थ आत. "म्हण, ताई, हरलो," असं कुणीतरी कानात म्हणतंय असं त्याला वाटलं. सगळ्या जन्मात तो हे चटकन म्हणत आला होता.

"घ्झूर्..." श्वास आत ओढला, तर बरगडीत सुरी फिरली. ताईचा सोटा खाली आला. तोंडात रक्ताची चव आली, दात ओठात रुतला. ताई मनात म्हणत होती, काय काम करतोय आज माझा भाऊ! आणि कौतुकाच्या भरात आणखी जोर लावत होती. तो गुडघ्यांवर आला. पुन्हा एकदा, अगदी हळू, बिनचूक, त्याने राणीचं नाव आत ओढून घेतलं आणि माइकखाली आडवा झाला.

काच धडधडली. "ताई, बास! बास! झालंय!"

दिवा लागला. ताईने आधी गादी पाहिली, मग भावाचा ओठ, मग लाल झालेली फरशी. फडक्याशिवाय सांडलेलं रक्त तिने स्टुडिओत पहिल्यांदाच पाहिलं.

"नाव का नाही घेतलंस, मेल्या?"

"घेतलं. तीनदा. नवीन घेतलं."

साहेब दारातून हळूच म्हणाले, "उच्चार बदललाय सकाळी. मला वाटलं यांनी..."

"अन् जुनं म्हणायला काय जीभ झडली होती?" ताईचा आवाज फुटला. "थांबले असते ना मी!"

"म्हणून तर नाही म्हटलं."

ताईने त्याला एक थोबाडीत दिली. दिवसातला तो एकच फटका तिने बहीण म्हणून मारला होता. मग ती तोंडाला पदर लावून रडली आणि तसंच रडत साहेबांकडे वळली. "रेकॉर्डिंग बरं आलं का?"

"असं मरण मी ऐकलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाकावरच्यांना घरी जायला सांगतो. फक्त शेवटी एक 'आई गं' आलंय, तेवढं कापावं लागेल."

"कापू नका," हुतात्मा फरशीवरून म्हणाला. "सेनापतीलाही आई असेल."

लिफ्ट बंद होती. दवाखाना रस्त्यापलीकडे. ताईने सोटा कोपऱ्यात फेकला, खाली वाकली आणि भावाला पोत्यासारखा खांद्यावर घेतला. जिन्यात भेटणारे भिंतीला चिकटून वाट देत होते.

"ताई, सावकाश."

"गप. मेलेला माणूस बोलत नाही."

"बाकी तू कायदा पाळलास हं," तो उलटा लोंबकळत म्हणाला. "नाव बिनचूक घेतलं, की मारणारीने घरी पोचवायचं."

"घरी नाही, आधी दवाखान्यात. आणि तुझ्या बायकोला तू सांगायचंस. मला चार हात असते तरी तिच्यापुढे उभी राहिले नसते."